पेट्रोलच्या टाकीत रोज 40 लिटरची घट: टाकी गळतेय हे ओळखायचं कसं?

सीनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आमचा पेट्रोल पंप सोलापूर जिल्ह्यात, तालुक्याच्या गावाबाहेर हमरस्त्याला लागून आहे. बाबांनी 2003 साली सुरू केला. ते गेल्यापासून दोन वर्षं मी बघते. पेट्रोलची एक टाकी, 20 किलोलिटर, जमिनीत आडवी पुरलेली, 2 मीटर व्यासाची. पेट्रोल दाबाने लाइनमध्ये ढकलणारा एसटीपी पंप टाकीतच आहे आणि तिथून दोन डीयूंना, म्हणजे गाडीत पेट्रोल भरायच्या यंत्रांना, लाइन जाते. प्रत्येक डीयूला पेट्रोलच्या दोन नोझल. डिझेलची टाकी वेगळी, तिथे काही तक्रार नाही.

होळीपासून पेट्रोलमध्ये रोज शॉर्टेज येतंय. विक्री सरासरी 2,800 लिटर आणि घट 30 ते 60 लिटर. मागच्या वर्षीपर्यंत 10 ते 12 लिटरच्या वर कधी गेली नव्हती. टाकीतली पातळी आपोआप मोजणारा ऑटोमेशनचा प्रोब वर्षभर बंद आहे, त्यामुळे सगळा हिशेब डिप रॉडवर, म्हणजे टाकीत बुडवून पातळी बघायच्या मोजपट्टीवर, चाललाय. मागच्या ऑगस्टमध्ये टाकीत पाणी आलं होतं, रॉडला लावतात ती पाणी ओळखायची पेस्ट 2 सेंटिमीटरपर्यंत लाल झाली. उपसून काढलं. दिवाळीनंतर पाणी आलेलं नाही.

कंपनीच्या माणसाला सांगितलं तर तो म्हणाला, उन्हाळा आहे, बाष्पीभवन होणारच. मला पटत नाही. 60 मीटरवर शेजाऱ्यांची विहीर आहे. त्यांची लेकरं त्याच विहिरीचं पाणी पितात. टाकी गळत असेल तर ते मला आत्ता कळायला हवं, विहिरीला वास आल्यावर नको.

टाकी उकरल्याशिवाय गळती ओळखता येते का? कशी? ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा.

---

रोडवरचा_पंप

ताई, 15 वर्षं हा धंदा करतोय. 40 लिटर रोज म्हणजे टाकी नाही, माणूस. रात्रपाळीची पोरं बदलून बघा.

---

सीनाकाठ

दादा, तोच विचार करून मी गेल्या महिन्यात एका मुलाला घरी बसवलं. घट तेवढीच आहे.

---

डिपरॉड

ताई, मी 34 वर्षं तेलाच्या टाक्यांत काढली. आधी मनमाडजवळ पानेवाडीला डेपोत होतो, मग पंपांच्या टाक्यांच्या देखभालीचं काम केलं. आता निवृत्त आहे. थोडं लांब लिहितो, कारण तुमच्या शेजाऱ्यांच्या विहिरीचा उल्लेख वाचून मला स्वस्थ बसवेना.

रोजची घट किती, हा प्रश्न सध्या बाजूला ठेवा. घट कशाच्या मागे चालते ते शोधा. पेट्रोल कमी होण्याच्या वाटा मोजक्या आहेत आणि प्रत्येकीची चाल वेगळी असते. नोझल जास्त देत असेल तर घट विक्रीच्या मागे चालते. टँकर कमी आला असेल किंवा गरम आला असेल तर घट टँकरच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दिसते, मग थांबते. टाकीला भोक असेल तर घट घड्याळाच्या मागे चालते. पंप बंद असो वा चालू, रात्री बारालाही ती होतच असते. प्रेशरची लाइन गळत असेल तर मोटर चालू असेल तेवढाच वेळ घट होते, कारण बाकी वेळ लाइनमध्ये दाब नसतो किंवा अगदी कमी उरतो. चोरी कधी अशी, कधी तशी दिसते, पण तिला नियम नसतो.

म्हणून पहिलं काम रात्रीचं. तुमचा पंप रात्री बंद असतो का? असेल तर शेवटची गाडी गेल्यावर अर्धा तास थांबा, तेल निवू द्या, मग डिप घ्या. सकाळी पहिली गाडी यायच्या आत पुन्हा घ्या. एकाच माणसाने, त्याच रॉडने, त्याच पाइपातून, तीन-तीन वेळा. रॉडला पेट्रोलची पेस्ट लावा, नाहीतर उन्हाळ्यात रेघ बघेपर्यंत उडून जाते. रॉड आपटायचा नाही, हळू टेकवायचा. टँकर उतरवला त्या रात्रीचा आकडा धरायचा नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. तुमची टाकी 2 मीटर व्यासाची आणि 20 किलोलिटरची, म्हणजे लांबी साडेसहा मीटरच्या आसपास असणार. अर्ध्यावर असताना पेट्रोलचा पृष्ठभाग 13 चौरस मीटर होतो. म्हणजे डिपमधला 1 मिलिमीटर हा 13 लिटर असतो. रॉड वाचताना 1 मिलिमीटरची चूक कुणाचीही होते. त्यामुळे एका रात्रीवर विश्वास ठेवू नका, सात रात्रींवर ठेवा. जमलं तर टाकी खाली गेलेली असताना मोजा. 20 सेंटिमीटरच्या डिपला तोच मिलिमीटर 8 लिटरपेक्षा कमी भरतो, कारण आडव्या टाकीचा तळ अरुंद असतो. रॉड तोच, पण नजर दीडपट बारीक होते.

उन्हाळ्याचं म्हणाल तर कंपनीचा माणूस पूर्ण चुकीचा नाही, पण त्याने उत्तर अर्ध्यावर सोडलं. पेट्रोल 1 अंशाने थंड झालं की 10,000 लिटरमागे 10 ते 12 लिटर आक्रसतं. एप्रिलच्या दुपारी टँकर 36 अंशांचं पेट्रोल घेऊन आला आणि टाकीत ते 30 अंशांवर निवलं, तर 12,000 लिटरमागे 70 ते 80 लिटर कागदावरून गायब होतात. जमिनीत काही गेलेलं नसतं. यासाठीच तर डेन्सिटी 15 अंशांवर आणून जुळवतात. पण ही घट टँकरमागे एकदाच होते. ती रोज होत नाही. बाष्पीभवन आणि हाताळणी मिळूनही पेट्रोलची घट पाऊण टक्क्याच्या आत धरतात. तुमची दीड टक्क्याच्या घरात दिसते.

आता ऑगस्टमधल्या पाण्याबद्दल. मला खरी काळजी त्याची वाटते. का वाटते ते सांगतो.

1996 साली गोदावरीच्या खोऱ्यातल्या एका पंपावर मी गेलो होतो. पंपाचं नाव सांगत नाही. सप्टेंबर होता, टाकीत 3-4 सेंटिमीटर पाणी. उपसलं, आठ दिवसांत परत तेवढंच. पेट्रोलचा हिशेब मात्र चोख जुळत होता. सगळे म्हणाले, पावसाळ्याचं पाणी मॅनहोलमधून येतं. मीही तसंच लिहिलं आणि सही केली. दिवाळीनंतर पाणी बंद. डिसेंबर-जानेवारीत सगळं शांत, ना पाणी ना घट. होळीला घट सुरू झाली, रोज 20 लिटर. एप्रिलमध्ये खालच्या अंगाच्या शेतकऱ्याच्या विहिरीला पेट्रोलचा वास आला. टाकी काढली तेव्हा डिप पाइपच्या बरोबर खाली, तळाला, तुरीच्या दाण्याएवढं भोक सापडलं. वर्षानुवर्षं रोज दोनदा रॉड त्याच जागी आदळत होता आणि खाली पट्टी वेल्ड केलेली नव्हती.

तीन महिने ते भोक दिसलं का नाही? कारण आत आणि बाहेर तोल साधला होता. टाकीत दीड मीटर पेट्रोल असेल तर ते वजनाने बाहेरच्या 1.1 मीटर पाण्याला पुरं पडतं. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी त्याहून वर चढतं, तेव्हा पाणी आत येतं. उन्हाळ्यात पातळी उतरते, तेव्हा पेट्रोल बाहेर जातं. मधल्या काळात दोन्ही दाब सारखे होतात आणि भोक गप्प राहतं. सप्टेंबरमधलं पाणी हीच खूण होती आणि मी ती मॅनहोलच्या माथी मारून मोकळा झालो. त्या माणसाच्या द्राक्षबागेला दोन उन्हाळे टँकरने पाणी घालावं लागलं. मी बागेत जाऊन बघून आलो होतो.

तुमच्याकडे तोच क्रम दिसतोय, ऑगस्टमध्ये पाणी आणि होळीपासून घट. मला टाकीचाच संशय आहे. म्हणून आजच तीन गोष्टी करा. कंपनीला तोंडी नको, लेखी कळवा आणि पोच घ्या. शेजाऱ्यांना सांगा की विहिरीला जरा जरी वास आला तर मोटर चालू करू नका, काडी ओढू नका, कुणी आत उतरू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती विहिरीत साचून राहते. आणि सात रात्री डिप. नोझलचं 5 लिटरचं मापही रोज घ्या. 25 मिलिलिटरच्या आत आहे एवढंच बघू नका, नेमका आकडा लिहून ठेवा.

एक शेवटचं. कुणी म्हणालं की टाकीत हवा भरून दाब देऊन बघू, तर त्याला तिथूनच परत पाठवा. पेट्रोल असलेल्या टाकीत हवेचा दाब देणं म्हणजे बॉम्ब तयार करणं आहे.

---

न्यूजर्सीकर

डिपरॉड काकांनी मूळ सांगितलं आहेच. मी इकडे पंपांच्या जमिनीतल्या टाक्यांच्या तपासणीचं काम करतो, म्हणून दोन-तीन आकडे देतो.

अमेरिकेत 1984 साली काँग्रेसने जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायद्यात तरतूद केली आणि 1988 मध्ये नियम आले, कारण त्याआधी पुरलेल्या साध्या पोलादी टाक्या गंजून ठिकठिकाणी गळत होत्या. त्या नियमांनुसार टाकीची गच्चपणाची चाचणी तासाला 0.1 गॅलन, म्हणजे 0.38 लिटर गळती पकडू शकली पाहिजे. टाकीत बसवलेल्या प्रोबने महिन्याला जी चाचणी होते तिची मर्यादा याच्या दुप्पट.

हा आकडा इतका बारीक का? तासाला 0.38 लिटर म्हणजे दिवसाला 9 लिटर. ताईंच्या टाकीत ते पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. डिप रॉडला ते कधीच दिसणार नाही, पण वर्षाला 3,300 लिटर जमिनीत जातं. म्हणून रात्रीच्या डिपमध्ये काही निघालं नाही तरी «टाकी चांगली आहे» असं म्हणू नका. मोठं भोक नाही, एवढंच त्यातून कळतं.

दुसरं. तुमच्याकडे एसटीपी आहे म्हणजे लाइन दाबाखाली आहे. जुन्या पद्धतीत डीयूच पेट्रोल ओढून घ्यायचं. तिथे लाइनला चीर पडली तर हवा आत शिरते आणि सकाळी पहिल्या गाडीला नोझल फुसफुसते, लगेच कळतं. दाबाच्या लाइनमध्ये उलट होतं, पंप स्वतःच पेट्रोल चिरेतून बाहेर ढकलतो आणि वर गाडीत मात्र व्यवस्थित पडत राहतं. म्हणून इकडे प्रत्येक एसटीपीवर लाइन लीक डिटेक्टर सक्तीचा आहे. तासाला 3 गॅलन, म्हणजे साधारण 11 लिटरची गळती त्याने तासाभरात पकडून प्रवाह रोखायचा किंवा इशारा द्यायचा असतो. दरवर्षी खरोखरची गळती करून तो तपासतात. तुमच्या एसटीपीच्या डोक्यावर तो आहे का, ते मॅनहोल उघडून बघून घ्या. काही ठिकाणी त्याच्या जागी नुसता प्लग असतो.

एप्रिल 2016 नंतर इकडे बसणाऱ्या टाक्या आणि पाइप दुहेरी भिंतीचेच लागतात. दोन भिंतींच्या मधल्या पोकळीत सेन्सर असतो. आतली भिंत गळली तर पेट्रोल मातीत जाण्याआधी पोकळीत येतं. टाकी बदलायची वेळ आली तर दुहेरीच मागा.

---

मुरूम_आणि_पाणी

मी भूजल सर्वेक्षणात होतो, सोलापूर-धाराशिव भागात बरीच वर्षं. विहिरीबद्दल लिहितो.

आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली फुटलेला काळा दगड. सुकलेल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिथून पेट्रोल मुरमात उतरतं आणि मुरमातून दगडाच्या सांध्यांत. दगडात ते सगळीकडे सारखं पसरत नाही, सांधा जिकडे जाईल तिकडे जातं. त्यामुळे 60 मीटरवरची विहीर कोरडी सुटते आणि 200 मीटरवरच्या बोअरला वास येतो, असंही होतं. ती विहीर पंपाच्या खालच्या अंगाला आहे का वरच्या, हे आधी बघा. भूजल बहुतेक वेळा जमिनीच्या उताराबरोबर ओढ्याकडे वाहतं.

नमुना घ्यायचा तर मोटर चालवून नळाचं पाणी भरू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, मोटर तळाचं पाणी ओढते. दोरीला बांधलेल्या काचेच्या बाटलीने वरच्या थरातलं पाणी घ्या, काठोकाठ भरा, बाटलीत हवेचा बुडबुडाही राहायला नको. बूच घट्ट लावा, बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवा. बेंझीनची तपासणी करायला सांगा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरमागे 10 मायक्रोग्रॅम आहे. नाकाला ते कळत नाही. वास नाही म्हणून पाणी चांगलं, असं धरून चालू नका. अहवाल येईपर्यंत लेकरांना दुसरीकडचं पाणी द्यायला सांगा.

---

सीनाकाठ

सगळ्यांचे खूप आभार. आठ दिवस झाले, आकडे घेऊन आले आहे.

शेजाऱ्यांना त्याच दिवशी सांगितलं. त्यांच्या घरी पिण्याचे जार आम्ही पोचवतोय. विहीर खालच्या अंगालाच आहे. नमुना दिलाय. कंपनीला पत्र दिलं, पोच घेतली.

रात्री 10 ते सकाळी 6 पंप बंद असतो. सात रात्री डिप मीच घेतला. पाच रात्री काहीच फरक नाही. एका रात्री 1 मिलिमीटर कमी, दुसऱ्या एका रात्री 1 मिलिमीटर जास्त. पाणी अजिबात नाही, पेस्ट तशीच.

टँकर न आलेल्या चार दिवसांचे आकडे असे आहेत. सोमवारी विक्री 2,640, घट 40. मंगळवारी 1,980 आणि 25. गुरुवारी आमचा बाजार असतो, 4,110 आणि 65. शनिवारी 3,050 आणि 45.

चारही नोझलची 5 लिटरची मापं सरासरी 5 मिलिलिटर जास्त येतात. सर्वांत जास्त असलेली 15 मिलिलिटर. मापाला काढलेलं पेट्रोल टाकीत परत ओततो, ते हिशेबात धरलंय.

---

डिपरॉड

ताई, तुम्ही आकडे नीट घेतलेत आणि त्यांनी माझा संशय खोटा पाडला. फार बरं झालं.

एकेका दिवसाची घट धरू नका, तिच्यात डिपची चूक मिसळलेली आहे. बेरीज बघा. 11,780 लिटर विक्री, 175 लिटर घट, म्हणजे दीड टक्का. बाजाराच्या दिवशी वाढते, मंगळवारी कमी होते. सात रात्री म्हणजे 56 तास टाकी जागची हलली नाही. टाकीच्या भोकातून दिवसाला 40 लिटर जात असते तर एका रात्रीत 13 लिटर, म्हणजे रोज 1 मिलिमीटर आणि सात रात्रींत 7 मिलिमीटर दिसले असते. तेव्हा घट टाकीतून नाही. रात्रपाळीच्या मुलांकडूनही नाही, हे पहिल्यांदा सांगतो.

राहिलं नोझल आणि लाइन. नोझल 5 लिटरमागे 5 मिलिलिटर जास्त देतात, म्हणजे हजारी एक. 11,780 लिटरवर ते जेमतेम 12 लिटर होतं. उरलेले 163 लिटर विकलं तेव्हाच गेले आणि मीटरमधून गेले नाहीत. मोटर चालू असताना लाइनमधून गेलेत ते.

आता मात्र आकड्यांसाठी एक लिटरही जमिनीत जाऊ द्यायचं नाही. एसटीपीच्या मॅनहोलमध्ये दोन डीयूंच्या लाइनला वेगवेगळे व्हॉल्व्ह आहेत का? असतील तर त्यातल्या जुन्या डीयूकडची लाइन आत्ता बंद करा. दुसऱ्यावर विक्री चालवा आणि दिवस संपताना हिशेब बघा. घट थांबली तर जी बंद केली तीच. थांबली नाही तर संध्याकाळीच उलट करा. व्हॉल्व्ह नसतील तर पेट्रोल विक्रीच बंद ठेवा. दोन दिवसांचा धंदा बुडेल, बुडू द्या.

खोदकाम कंपनीच्या मान्यताप्राप्त ठेकेदाराकडूनच. लाइन रिकामी करून, वीज तोडून, वाफेचं मीटर हातात धरून. गावातला वेल्डर बोलवायचा नाही. जमिनीखाली काही बदलायचं म्हटलं तर पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांची सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, परवानगीचा विषय येतो. त्यांचं मुख्यालय आपल्या नागपूरलाच आहे. ठेकेदाराला आधी कागद विचारा.

आणि न्यूजर्सीकर म्हणतात तो डिटेक्टर बघितलात का?

---

सीनाकाठ

काका, तेच सांगायला आले. मॅनहोल उघडलं. डिटेक्टरच्या जागी प्लग आहे.

व्हॉल्व्ह दोन आहेत. काल संध्याकाळी दोन नंबरची बंद केली, तिचं डीयू जुनं आहे.

---

रोडवरचा_पंप

ताई, मी आधी जे लिहिलं ते चुकलं. माझ्याकडेही एसटीपीच आहे. आज उघडून बघितलं. माझ्याकडे डिटेक्टर आहे, पण बसवल्यापासून कुणी तपासलेला नाही. काका, त्याची चाचणी कशी करायची?

---

डिपरॉड

डीयूच्या खालच्या सेफ्टी व्हॉल्व्हला चाचणीचं तोंड असतं. तिथून ठरावीक गळती मुद्दाम मापात सोडतात. मोटर बंद करून दाब उतरू द्यायचा, मग सुरू करायची. डिटेक्टर चांगला असेल तर तो मंद प्रवाहावर अडकून राहतो, पूर्ण दाब सोडत नाही. मात्र हे स्वतः करू नका, सर्व्हिसवाल्याकडून तुमच्यासमोर करून घ्या आणि आकडा नोंदवहीत लिहायला लावा. अडखळणारा डिटेक्टर लोक काढून टाकतात, कारण गर्दीच्या वेळी नोझल मंद होतात आणि गिऱ्हाईक ओरडतं. प्लग असाच बसतो. पण तो मंद का होतोय, हे कुणी विचारत नाही.

---

सीनाकाठ

दोन नंबर बंद ठेवून दोन दिवस: विक्री 4,980, घट 15 लिटर.

काल ठेकेदार आला. डीयू उचललं, खालची वाळू काढली. अर्ध्या मीटरवरच वास इतका आला की सगळे मागे सरले. एक तास नुसतं मोकळं ठेवलं. लाइनला पाण्याचा दाब दिला आणि डीयूच्या खाली जिथे पाइप वर वळतो त्या एल्बोच्या आट्यांतून सुतासारखी धार आली. एल्बो हाताने चोळला तर पापुद्रे निघाले. गाडी धुतात ते पाणी तिथेच मुरत होतं, हे मला माहीत होतं. इतकी वर्षं डोळ्यांसमोर होतं.

ऑगस्टच्या पाण्याचंही कळलं. टँकरचा पाइप लावतात त्या तोंडाच्या झाकणाचं रबर फाटलंय आणि तो खड्डा पावसात भरतो. काका, तुमचं 1996 चं ऐकून मी मात्र तेवढ्यावर थांबणार नाही. टाकीची गच्चपणाची चाचणी मागितली आहे, पत्रात तारीख घालून. लाइन नवीन टाकताना डिटेक्टर बसवल्याशिवाय मी पंप सुरू करणार नाही, हेही लिहून दिलंय.

एक विचारायचं आहे. काढलेली वाळू आणि माती दीड ब्रास आहे. ठेकेदार म्हणतो मागच्या शेतात पसरून टाकू, ऊन लागलं की उडून जाईल. करू का?

---

मुरूम_आणि_पाणी

अजिबात नको. पहिल्या पावसात ते खालच्या विहिरीकडे जाईल. जाड प्लास्टिकवर ठेवा, वरून झाका, कडेला बांध घाला. ती घातक कचऱ्यातच जाते. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जिल्हा कार्यालयाला लेखी कळवून त्यांनी मान्यता दिलेल्या ठिकाणीच पाठवा. खड्डाही लगेच बुजवू नका. तळाच्या आणि चारही बाजूंच्या मातीचे नमुने घ्या, कुठपर्यंत उतरलंय ते त्यातून कळेल. आणि विहिरीचा नमुना एकदाच पुरणार नाही. पहिला पाऊस झाल्यावर घ्या, मग दिवाळीला, मग पुढच्या एप्रिलमध्ये. मातीत अडकलेलं पेट्रोल पावसाच्या पाण्याबरोबर खाली सरकतं, त्याला वेळ लागतो.

---

सीनाकाठ

माती झाकून ठेवली. खड्ड्याभोवती कठडा लावलाय. विहिरीचा पहिला अहवाल आज दुपारी आला, बेंझीन सापडलेलं नाही. शेजारच्या मावशींना वाचून दाखवला. जार पाऊस होईपर्यंत चालू ठेवतेय.

ज्या मुलाला घरी बसवलं होतं त्याच्या घरी काल स्वतः जाऊन आले. त्याच्या आईसमोर माफी मागितली. सोमवारपासून तो येतोय. सकाळचा डिप त्यालाच शिकवणार आहे.

डिप पाइपखाली पट्टी आहे का, हे टाकीच्या चाचणीच्या वेळी बघायचं ठरलंय. तारीख मिळाली की इथे कळवते.